कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत भयपटांवरचा पानभर लेख वाचला. लेख रंगलाय, पण त्यातला एक मुद्दा काही केल्या घशाखाली उतरेना. पडद्यावरचा वेडेपणा शेवटी नटाच्या डोळ्यांत असतो, बाकी सगळी सजावट, असं लेखकाचं म्हणणं. माझी नोकरी मनोरुग्णांच्या वॉर्डात गेली. धाकटा भाऊ मुंबईत सिनेमांच्या ध्वनिमिश्रणाचं काम करतो. सुट्टीला आला की पिक्चर लावणार, मध्येच थांबवणार आणि 'ताई, आता डोळे मिटून हाच तुकडा ऐक' म्हणणार. या दोन्हींच्या जोरावर सांगते, नटाच्या डोळ्यांचा नंबर बराच मागे लागतो. आधी बघायचं ते हे, की कॅमेरा कुणाच्या बाजूला उभा आहे? आजारी माणसाच्या, की दारात जमलेल्या शेजाऱ्यांच्या?

आपल्या मालिकांमध्ये तो कायम शेजाऱ्यांबरोबर असतो. सुनेला 'काहीतरी झालंय' म्हटलं की तिचे केस मोकळे सुटतात, कुंकू फिसकटतं, कॅमेरा तिरका होतो आणि तोच चेहरा तीन बाजूंनी तीनदा दाखवून धाड, धाड, धाड असा आवाज टाकतात. यात त्या बाईला काय होतंय हे कुठेच नाही. तिला बघून सासूला काय वाटतंय, एवढंच आहे.

याच्या अगदी उलट टोकाला १९६५ सालचा 'रिपल्शन' आहे. त्याचा दिग्दर्शक पोलान्स्की पुढे ज्या गुन्ह्यात अडकला त्याबद्दल मला राग आहे, पण सिनेमा नाकारता येत नाही. लंडनमधली एक तरुण मुलगी, ब्यूटी पार्लरमध्ये हातांची नखं नीट करण्याचं काम करते. मोठी बहीण सहलीला जाते आणि ही फ्लॅटमध्ये एकटी राहते. शिजवायला आणलेला सोललेला ससा बाहेरच राहतो, कुजायला लागतो. बटाट्यांना मोड येतात. सिनेमा कृष्णधवल, त्यामुळे रंगाची मदत नाही. किंकाळ्यांवरही फारशी भिस्त नाही. ऐकू येतं ते काय? घड्याळाची टिकटिक, गळका नळ, माशांची घोंघों, शेजारच्या मठातली घंटा, कुणीतरी पियानोवर पुन्हा पुन्हा गिरवलेले तेच सूर. हे आवाज सगळ्यांच्याच घरात असतात. तुमच्याआमच्या डोक्यात एक दार असतं, ते लावून घेतलं की ते ऐकू येईनासे होतात. तिचं ते दार लागत नाही.

हे मी वॉर्डात रोज पाहिलंय. एक बाई भांडी घासायच्या वेळी कानात कापसाचे बोळे कोंबून भिंतीकडे तोंड करून बसायची. मोरी होती मजल्याच्या दुसऱ्या टोकाला. आम्हाला तो आवाज असल्याचंही कळत नसे. तिला वाटीवर वाटी आपटलेली उशाशी ऐकू यायची. नव्या मुली म्हणायच्या, 'सिस्टर, नाटक करतेय.' त्यांना मी हा सिनेमा दाखवायला हवा होता.

आणि त्यातली सगळ्यांत भयंकर जागा? रात्री कुणीतरी पुरुष खोलीत घुसून आपल्यावर बळजबरी करतोय असा तिला भास होतो. तिथे दिग्दर्शकाने आवाज काढूनच घेतलाय. तिचं तोंड उघडतं, किंकाळी ऐकू येत नाही. चालू असते फक्त घड्याळाची टिकटिक. भाऊ म्हणतो, आवाज वाढवायला कुणालाही येतं, तो नेमका कुठे बंद करायचा हे कळायला उमेदवारी करावी लागते. फ्लॅटही हळूहळू बदलत जातो. भिंतींना आवाज करत तडे जातात, बोळाच्या भिंतींतून हात बाहेर येतात. खोल्या मोठ्या झाल्यासारख्या दिसतात, कारण सेटच्या भिंती खरोखरच मागे सरकवल्या होत्या आणि वर रुंद कोनाची लेन्स लावली होती. नटीला काही न करता नुसतं खोलीच्या मध्ये उभं राहायचं होतं.

लेखकाने ज्या सिनेमाचा दाखला दिला त्या 'द शायनिंग'मध्ये (१९८०) तर त्यांचा मुद्दा आणखीच लंगडा पडतो. जॅक निकोल्सन मोठा नट, पण हे महाशय हिवाळ्यात बंद असणाऱ्या हॉटेलच्या रखवालदाराच्या नोकरीच्या मुलाखतीपासूनच भुवया उडवतात. आमच्याकडे आले असते तर पहिल्याच दिवशी भरती करून घेतले असते. वेड तिथे चेहऱ्यावर चढत जातं असं म्हणण्यापेक्षा इमारतीतून पसरत जातं म्हणणं बरोबर. जॅकचा (पात्राचं नावही जॅकच) लहान मुलगा तीनचाकी सायकल चालवत त्या रिकाम्या हॉटेलात फिरतो, तो प्रसंग डोळे मिटून ऐका. लाकडी जमिनीवर चाकांचा खडखडाट, गालिचा आला की एकदम शांतता, पुन्हा खडखडाट. दोनतीन फेऱ्यांत आपण पुढच्या गालिच्याची वाट बघायला लागतो आणि तो आला की जीव घाबरा होतो. घडत काहीच नसतं. कॅमेरा जमिनीपासून वीतभर उंचीवर, सायकलच्या मागे, जराही न हिंदकळता कोपरे वळत असतो. गॅरेट ब्राउन यांनी शोधलेलं स्टेडिकॅम, म्हणजे चालतानाही कॅमेरा हिंदकळू न देणारं अंगाला बांधायचं यंत्र, तेव्हा नवंच होतं आणि ते चालवायला ब्राउन स्वतः आले होते. वेडाच्या सीनमध्ये कॅमेरा हलवायचा असतो ही आपल्याकडची समजूत इथे उताणी पडते. माणूस चालला तर हिसका बसतोच. इथे तो नाही, म्हणजे मागून येणारा माणूस नव्हे. माझ्या मते हा कॅमेरा ना रोग्याच्या बाजूचा, ना शेजाऱ्यांच्या. तो हॉटेलच्या बाजूचा आहे.

रंगाचंही तेच. वेड म्हटलं की आपल्याकडे अंधार आणि हिरवा दिवा. इथे आधीचा खुनी रखवालदार जॅकला भेटतो ती जागा म्हणजे लालभडक भिंतींचं, पांढऱ्याशुभ्र बेसिनांचं स्वच्छतागृह. उजेड एवढा की लपायला सावलीच नाही. दोघे हळू आवाजात, अदबीने बोलतात, आणि बाहेरच्या हॉलमधल्या जुन्या गाण्याचा सूर अंधुक ऐकू येत राहतो. आमच्या वॉर्डातही रात्रभर दिवे चालू असत. अंधाराला घाबरणाऱ्यांपेक्षा त्या दिव्यांना कंटाळलेलेच जास्त.

आपल्याकडे हे जमत नाही असं मुळीच नाही. 'भूलभुलैया' (२००७) सगळ्यांनी पाहिलाय. त्याचं मूळ मल्याळममध्ये, फाझिल यांचा १९९३ सालचा 'मणिचित्रताळ'. दोन्हींत शेवटच्या नाचात एक फार हुशार गोष्ट केली आहे. स्वतःला जुन्या काळची नर्तकी समजणाऱ्या नायिकेच्या मनात दिव्यांनी उजळलेला दरबार आहे, दागिन्यांनी मढलेली नर्तकी आहे, समोर तिचा प्रियकर आहे. बाहेरून बघणाऱ्यांना जुनाट दिवाणखान्यात केस सोडलेली, काजळ ओघळलेली घरची सून दिसते. चित्र इकडून तिकडे उड्या मारतं, गाणं मात्र सलग चालू. म्हणजे एका गाण्यापुरता कॅमेरा दोन्ही बाजूंना उभा राहतो आणि आपल्याला तिची भीती वाटायच्या ऐवजी पोटात तुटतं. (तिला बरं करण्याचा जो उपाय दाखवलाय, तो कुणी घरी करू नये.) २०२२ च्या दुसऱ्या भागात खरंखुरं भूत आणून बसवलं आणि हा प्रश्नच निकालात काढला.

आणखी एक, भास होऊन ऐकू येणाऱ्या आवाजांबद्दल. सिनेमावाले त्यांना हटकून घुमारा देतात, विहिरीतून बोलल्यासारखा. माझ्या पेशंटना ऐकू येणारे आवाज ते सांगायचे तसे साधे असत, पलीकडच्या खोलीतून कुणी बोलावं तसे. म्हणून तर ते खरे वाटायचे. १९६० च्या 'सायको'तली व्हायोलिनं सगळ्यांना आठवतात. मला आठवतो शेवट. मनात मेलेल्या आईला जिवंत ठेवणारा खुनी नॉर्मन ब्लँकेट गुंडाळून कोऱ्या भिंतीसमोर बसलाय, ओठ मिटलेले, आणि आईचा आवाज अगदी घरगुती सुरात बोलतोय.

हे सगळं नुसतं रसिकतेपोटी लिहीत नाही. शॉक ट्रीटमेंट म्हटली की सिनेमात निळा दिवा लुकलुकतो, झिर्रर्र आवाज येतो आणि पेशंट किंचाळतो. प्रत्यक्षात हा उपचार भूल देऊन, स्नायू सैल करण्याचं औषध देऊन करतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने तर भूल आणि त्या औषधाशिवाय तो करायला बंदीच आहे. तरीही डॉक्टरांनी तो सुचवला की नातेवाइकांच्या डोळ्यांसमोर तो निळा दिवा येई. पेशंटला उठवून घरी घेऊन गेलेली माणसं मी पाहिली आहेत.

तुमच्या लेखात प्रत्येक सिनेमापुढे नटनट्यांची नावं कंसात दिली आहेत. छायाचित्रणकाराचं नाव एकाच ठिकाणी, ध्वनीचं काम करणाऱ्याचं एकही नाही. पुढच्या वेळी ती दोन नावं द्याच, कंसाबाहेर. आणि 'वेडसर', 'माथेफिरू' हे शब्द मथळ्यात तरी टाळता आले तर बघा.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, पुणे