आईच्या माहेरच्या मावशींना

मावशी, सा. न.

तुमचं नाव विचारायचंच राहिलं. एसटी स्टँडवर आल्यावर आई म्हणाली, "त्यांचं नाव काय गं?" आणि मग लक्षात आलं, सगळे मावशी म्हणत होते म्हणून आम्हीही मावशीच म्हणत राहिलो. म्हणून हे पत्र असं उघड्यावर लिहितेय. पंढरपुरातलं कुणीतरी तुम्हाला वाचून दाखवेल.

माघवारीची गर्दी ओसरल्यावर दुपारची तुमच्या आश्रमात एक ब्याऐंशी वर्षांची बाई आली होती, हातात काठी, अंगावर फिकं पातळ, आणि दारातच थबकलेली. ती माझी आई. तिला धरून उभी होते ती मी.

दारात का थबकली ते आता सांगते. त्याआधी आम्ही दोन ठिकाणी जाऊन आलो होतो. आईच्या एका कागदावर वडिलांचं नाव हवं होतं. एका कचेरीतल्या साहेबांनी फाइल न उघडताच विचारलं, "अनाथाश्रमातल्या का? मग जन्मतारीख तरी खरी कशावरून?" शेजारच्या टेबलावरचा हसला. आई काही बोलली नाही, पर्स उघडली आणि उगाच मिटली. दुसऱ्या ठिकाणी कुणी हसलं नाही, पण बसाही म्हटलं नाही. दीड तास ती काठीवर उभी होती. त्यामुळे तिसऱ्या दारात ती आधी अंदाज घेत होती, आत यायचं की नाही याचा.

तुम्ही शेंगा निवडत होता. सूप बाजूला ठेवलंत आणि म्हणालात, "इथलीच ना तुम्ही? मग दारात काय उभ्या?"

आमच्या घरात हा विषय कधी निघायचा नाही. आजी, म्हणजे वडिलांची आई, रागावली की "कुणाची कोण" एवढंच म्हणायची. नागपंचमीला गल्लीतल्या सगळ्या सुना माहेरी जायच्या, दिवाळीत पाडव्यानंतर भाऊ न्यायला यायचे, आणि आई मागच्या अंगणात भांडी घासत बसायची. तिला कामाची आवड आहे असं मला कितीतरी वर्षं वाटत होतं.

पन्नाशीनंतर मी वाचायला लागले तेव्हा कळलं, तिचं घर आमच्या सगळ्या खानदानापेक्षा जुनं आहे! 1875 साली पंढरपुरात न्यायाधीश असलेल्या लालशंकर उमियाशंकर या गुजराती गृहस्थांनी ते सुरू केलं, आणि प्रार्थना समाजानं सांभाळलं. त्यालाच पुढं नवरंगे बालकाश्रम हे नाव मिळालं. मूर्तिपूजा न मानणारी माणसं, तुकोबांचे अभंग मात्र गाणारी, आणि काम काढलं थेट विठोबाच्या गावात. मला याची फार गंमत वाटते.

गाव तेच का, याचं कारण मात्र गमतीचं नाही. विधवाविवाहाचा कायदा 1856 मध्येच झाला होता, पण कायद्याला विचारतो कोण? कोवळ्या वयात कपाळ पांढरं झालेल्या मुली, घरातल्याच कुणाकडून दिवस गेलेल्या, यात्रेच्या निमित्तानं पंढरीला आणल्या जायच्या. गर्दीत कोण कुणाला ओळखतं? परत जाताना त्यांच्या हातात काही नसायचं. जोतीराव-सावित्रीबाईंनी पुण्यात 1863 मध्ये बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं ते याच कारणानं, आणि काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेचा मुलगा पदरात घेतला. तो यशवंत पुढे डॉक्टर झाला. पंढरपुरात आश्रम उघडला आणि वर्षभरातच सोलापूरकडे मोठा दुष्काळ पडला. तेव्हा विधवांचीच काय, लग्नाच्या आयांनाही पोरं सांभाळता येईनात.

आई या दोन्हींतली कुठली, ते तिला ठाऊक नाही, मीही आता विचारत नाही.

तर त्या दुपारी. आईनं विहीर कुठं होती ते विचारलं, प्रार्थनेला सगळ्या मुली ओळीनं कशा बसायच्या ते सांगितलं, निघायला उठली. तुम्ही "थांबा" म्हणून आत गेलात. मला वाटलं, चहा. बाहेर आलात ते ताट घेऊन: तांदूळ, नारळ, हळकुंड, सुपारी आणि हिरवा खण. पाट मांडलात.

आई दोन पावलं मागं सरली. म्हणाली, "अहो, मला चालत नाही. नऊ वर्षं झाली त्यांना जाऊन."

तुम्ही तिचा हात धरून तिला पाटावर बसवलंत. "लेक माहेराहून रिकामी जाते का? बसा." आणि हळदीकुंकवाचं बोट तिच्या कपाळाला टेकवलंत.

आईनं पदर पुढं केला. पदर धरायची सवय नव्हती, लग्नानंतर तिची माहेरची ओटी कधी भरलीच गेली नव्हती. एक टोक सारखं निसटत होतं. तुम्ही पाच ओंजळी तांदूळ घातलेत, थोडे खाली सांडले, ते तिनं एकेक करून वेचले. मी मोबाइल काढला होता, पण फोटो एकच आला आणि तोही हललेला. रात्री तो मोठा करून बघताना दिसलं, तुमच्याही कपाळावर काही नव्हतं.

कागदाचं काम पुढं झालं, त्यालाही तुमचीच मदत झाली. पण आई त्याबद्दल बोलत नाही. ती शेजारच्या वहिनींना सांगते, "परवा माहेरी जाऊन आले." असं सहज, जशा बाकीच्या सांगायच्या.

तांदळाची तिनं खीर केली, सगळ्यांना एकेक वाटी मोजून दिली. खणाचं झंपर शिवून घेतलं. नारळाला मात्र कुणाला हात लावू देत नाही. तो देवघरात आहे, आत पाणी वाजेनासं झालंय, फोडा म्हटलं की रागावते.

कार्तिकीची गर्दी सरली की आम्ही येतोय. माहेरी जाताना काही न्यावं लागतं म्हणते. करंज्या करणार आहे, तिथं मुलं किती आहेत ते तेवढं कुणाकडून तरी कळवा.

तुमची,
आईची लेक