आत्याला एका शर्टाचे किती मिळतात?

लंडन, ३ ऑगस्ट २०२५

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

"भारत-ब्रिटनच्या त्या व्यापार करारात कामगारांचं काय?" असं तुम्ही फोनवर विचारलंत, तेव्हा मला धड सांगता आलं नाही. मग आठवडाभर रात्री जागून वाचलं.

साडेतीन वर्षं बोलणी चालली आणि मजकूर लोकांपुढे आला तो २४ जुलैला, सही झाल्यावर. कामगारांवर त्यात स्वतंत्र प्रकरण आहे. संघटना बांधायचा हक्क, एकत्र वाटाघाटी, वेठबिगारी आणि बालमजुरी बंद, सगळं लिहिलंय. 'हे विषय व्यापारात आणू नका' असं वर्षानुवर्षं म्हणणाऱ्या आपल्या सरकारने हे मान्य केलं, ही मोठी गोष्ट आहे. पण तंटा सोडवण्याचे नियम या प्रकरणाला लागू नाहीत. स्कॉचवरचा आयात कर १५० वरून ७५ टक्क्यांवर आणला नाही, तर दाद मागता येते. युनियन केली म्हणून बाईला घरी बसवलं, तर नुसती चर्चा. मला याचा फार राग आला.

आत्या डोळ्यांसमोर येते. कुर्ल्याच्या खोलीत मान मोडून शर्टांचे धागे कापते, नगावर पैसे. कपड्यांवरचा इथला कर शून्य होणार, माल वाढणार. तिचा दर वाढेल? तिचं नाव कुठल्याच मस्टरवर नाही. मालक कोण, तेही तिला ठाऊक नाही. माल टाकून जाणारा तेवढा माहीत.

तरी हे प्रकरण वाया गेलं म्हणू नका. युरोपियन युनियनच्या दक्षिण कोरियाशी झालेल्या करारातही कामगारांच्या कलमांना दंड नव्हता. युरोपने २०१८ मध्ये तक्रार लावून धरली, जानेवारी २०२१ मध्ये तज्ज्ञांनी कोरियाची चूक दाखवली, आणि त्याच वर्षी कोरियाने आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचे ८७ आणि ९८ क्रमांकाचे करार स्वीकारले. पहिला संघटनेच्या हक्काचा, दुसरा एकत्र वाटाघाटींचा. भारताने दोन्ही अजून स्वीकारलेले नाहीत.

या हक्कांची किंमत तुम्हाला कोणी सांगायला नको. १९८२ च्या संपात मुंबईतली अडीच लाख माणसं गिरण्यांबाहेर आली, पण कायद्याने बोलणी करायचा हक्क दुसऱ्याच युनियनकडे. तुम्ही पुढारी म्हणून निवडलेल्या डॉक्टर दत्ता सामंतांशी बोलायला मालक बांधील नव्हते.

इथल्या संसदेची मंजुरी अजून बाकी आहे. मी ते प्रकरण मराठीत उतरवतेय, चार पानं झालीत. युनियनमधल्या तुमच्या जुन्या मित्रांना वाचून दाखवा. आणि आत्याला विचारून ठेवा, एका शर्टाचे सध्या किती मिळतात.

आईला नमस्कार.

तुमची,
सुमन