महिला मंडळाचे कपाट : सांस्कृतिक कार्य मंत्र्यांना खुले पत्र

मा. सांस्कृतिक कार्य मंत्री, महाराष्ट्र राज्य,
सविनय नमस्कार.

गिरगावात ज्या इमारतीत आमच्या महिला मंडळाचा हॉल आहे, ती पुनर्विकासाला गेली आहे. इमारत जुनी, उपकरप्राप्त (म्हणजे दुरुस्तीसाठी सरकारला उपकर भरणारी), जिन्याला टेकू लावलेली. ती पाडू नका असे मी म्हणत नाही. रहिवाशांना पक्की घरे मिळायलाच हवीत. पण करारनाम्यात खोल्यांचे चौरस फूट मोजलेत आणि आमचा हॉल 'मोकळी जागा' म्हणून सोडून दिला आहे. ते वाचून फार लागले.

ती जागा मोकळी कधीच नव्हती. माझी आजी दर गुरुवारी दुपारी, मागचे आवरून, तिथे जायची. मंडळाच्या इतिवृत्ताच्या वह्या मी पाहिल्या आहेत. सुरुवातीच्या पानांवर नुसते 'सौ.' आणि आडनाव. पुढे हळूहळू बायकांची स्वतःची नावे येतात. एक सही आधी अक्षर अक्षर जुळवून केलेली, काही वर्षांनी झरझर. ती आजीची. ती दुसरीपर्यंतच शिकली होती.

साहेब, हा सगळा परिसरच अशा जागांचा आहे. पंडिता रमाबाईंनी मार्च १८८९ मध्ये शारदा सदन सुरू केले ते गिरगाव चौपाटीजवळ. तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी गोदूबाई, म्हणजे पुढच्या आनंदीबाई कर्वे. न्यायमूर्ती रानडे १८९३ मध्ये उच्च न्यायालयात आले. तेव्हा मुंबईत रमाबाई रानड्यांनी हिंदू लेडीज सोशल अँड लिटररी क्लब काढला. तिथे बायका भाषा शिकत, शिवण शिकत, चारचौघींत उभे राहून बोलायला शिकत. १९०८ मध्ये समाजसुधारक बेहरामजी मलबारी आणि दयाराम गिडुमल यांनी स्त्रियांसाठी सेवा सदन स्थापन केले, ते आपल्या गावदेवीचे. पुरुषांना कट्टे होते, पेढ्या होत्या, क्लब होते. बायकांना देवळाखेरीज आणि हळदीकुंकवाखेरीज बसायला जागा मिळाली ती अशी.

आमच्या इमारतीला कमानी नाहीत, नक्षी नाही. वारसा दर्जा मी मागत नाही. मागणे एवढेच, की पुनर्विकासाची परवानगी देण्याआधी त्या इमारतीत महिला मंडळ होते का हे विचारले जावे, आणि असेल तर नव्या इमारतीत तेवढीच जागा त्याच्याच नावाने मिळावी. हे खाते आपले नाही, मला कल्पना आहे; पण नगरविकास आणि गृहनिर्माण खात्यांकडे हा विषय आपणच लावून धरू शकता.

दुसरे मागणे मात्र थेट आपल्याच अखत्यारीतले. जुनी कागदपत्रे जपणारे पुराभिलेख संचालनालय फोर्टात, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत आहे, गिरगावातून टॅक्सीने जाण्याइतके जवळ. तिथला एक जाणकार माणूस पाठवून वह्यांच्या प्रती करून घ्याव्यात. हॉल रिकामा करायला सांगितल्यापासून या वह्यांचे कपाट आमच्या गॅलरीत ताडपत्रीखाली आहे. खालच्या खणातल्या दोन वह्यांना वाळवी लागली आहे. पाऊस सुरू होण्याआधी कोणी आले, तर बाकीच्या वाचतील.

आपली नम्र,
मंडळाची एक सभासद, गिरगाव