हेल्परची दोन बोटे गेली, तरी दावा नामंजूर : कामगार भरपाई विम्याबाबत तक्रार

मार्च 2025

प्रति,
मा. तक्रार निवारण अधिकारी,
विमा कंपनीचे विभागीय कार्यालय, नाशिक

विषय : कामगार नुकसानभरपाई पॉलिसीखालील दावा चुकीच्या कारणांवर नाकारल्याबाबत

महोदय,

अंबड औद्योगिक वसाहतीत माझे शीट मेटलचे छोटे प्रेस शॉप, म्हणजे यंत्राच्या दाबाने पत्र्याचे भाग घडवणारे वर्कशॉप, आहे. सात कामगार आहेत. दहापेक्षा कमी असल्यामुळे आम्हाला ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होत नाही, म्हणून दर वर्षी मी आपल्याकडून कामगार नुकसानभरपाईची पॉलिसी घेतो. वैद्यकीय खर्चासाठी जादा हप्ताही भरतो. 2024 च्या पावसाळ्यात आमच्या एका हेल्परच्या उजव्या हाताची तर्जनी आणि मधले बोट प्रेसखाली गेले. दुसऱ्या दिवशी मी आपल्याला लेखी कळवले. हजेरीपट, पगार नोंदवही, दवाखान्याची बिले आणि अपंगत्वाचा दाखला, मागितले ते सगळे दिले. आता आपले नकाराचे पत्र आले आहे. त्यातली दोन्ही कारणे मला मान्य नाहीत.

पहिले कारण असे की, प्रेसला गार्ड (हात आत जाऊ नये म्हणून लावलेली जाळी) नव्हता, म्हणून अपघात कामगाराच्या स्वतःच्या चुकीने झाला. नुकसानीची पाहणी करणारे आपले सर्व्हेअर शॉपवर आले ते अपघातानंतर कित्येक आठवड्यांनी. तेव्हा क्लचची की (प्रेसचा स्ट्रोक चालू-बंद करणारी खुंटी) बदलण्यासाठी प्रेस उघडलेला होता आणि साहजिकच गार्ड काढून भिंतीला टेकवून ठेवला होता. त्याचाच फोटो काढून अहवालाला जोडला गेला. अपघाताच्या वेळी गार्ड जागेवर होता की नाही, हे तिथे हजर असलेल्या ऑपरेटरला विचारण्याची गरज कोणालाही वाटली नाही. घडले ते असे. अडकलेला पीस काढायला हेल्परने हात घातला आणि पेडलवर पाय नसताना प्रेसने दुसरा स्ट्रोक मारला. क्लचची ही की झिजली, तर मेकॅनिकल प्रेस असा डबल स्ट्रोक देतो, हे प्रेसवर काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. झिजलेली की मी जपून ठेवली आहे. ती अजून कोणी पाहायला मागितलेली नाही.

क्षणभर धरून चालू की त्याचा निष्काळजीपणा झाला. तरीही अपघाताच्या वेळी लागू असलेला 1923 चा कर्मचारी नुकसानभरपाई कायदा निष्काळजीपणा विचारतच नाही. कलम 3 नुसार मालकाची जबाबदारी टळते ती कामगार दारूच्या किंवा नशेच्या अमलाखाली असेल, सुरक्षेचा स्पष्ट आदेश त्याने जाणूनबुजून मोडला असेल किंवा संरक्षक साधन मुद्दाम काढले असेल तरच. आणि अपघात थेट त्यामुळेच झाला असला पाहिजे. हे सिद्ध करायचे असते जबाबदारी झटकणाऱ्याने. आपल्या पत्रात ‘जाणूनबुजून’ हा शब्दसुद्धा नाही, फक्त ‘गार्ड आढळला नाही’ एवढेच आहे. तेवढ्यावर एका माणसाच्या हाताचा निकाल लावता येत नाही.

दुसरे कारण, हेल्पर प्रेसवर का होता? प्रस्ताव अर्जात मी तीन ऑपरेटर आणि चार हेल्पर असे स्पष्ट लिहिले आहे. सगळे प्रेस शॉपचे कामगार म्हणून आणि हप्त्याचा दर सर्वांना एकच. पीस लावणे आणि काढणे हेच तर हेल्परचे काम. त्याला प्रेसजवळ उभे राहायचे नसेल, तर त्याच्यासाठी प्रेस शॉपच्या दराने हप्ता कशासाठी घेतला?

आता रकमेबद्दल. अपघाताच्या दिवशी त्याचे वय 30 होते. पगार 16,500 रुपये असला, तरी कायदा 15,000 पर्यंतच धरतो. त्याचे 60 टक्के 9,000. तीस वर्षांसाठी चौथ्या अनुसूचीतला गुणक 207.98, म्हणजे 18,71,820 रुपये. एका हाताची दोन बोटे जाण्याला पहिल्या अनुसूचीत कमाईच्या क्षमतेचा 20 टक्के नाश धरला आहे. त्यानुसार भरपाई 3,74,364 रुपये होते. दवाखान्याचा प्रत्यक्ष खर्च, कलम 4(2ए) प्रमाणे, वेगळा. त्या खर्चाबद्दल आपल्या पत्रात अवाक्षरही नाही, म्हणजे तो नाकारला आहे की विसरला आहे, हेसुद्धा मला समजलेले नाही.

सगळ्यात जास्त चीड येते ती उशिराची. भरपाई अपघाताच्या दिवशीच देय होते, असे सर्वोच्च न्यायालयाने 1975 मध्येच हात गमावलेल्या एका सुताराच्या खटल्यात सांगितले आहे. महिन्याभरात रक्कम दिली नाही, तर कलम 4ए प्रमाणे 12 टक्के सरळ व्याज लागते आणि विलंबाला सबळ कारण नसेल, तर 50 टक्क्यांपर्यंत दंड. हे व्याज आणि दंड आपल्या पॉलिसीतून वगळलेले आहेत. अशी अट कंपनी घालू शकते, हे न्यायालयांनी मान्य केले आहे आणि ती वाचूनच मी सही केली. पण मग त्याचा अर्थ असा झाला की फाइल दाबून ठेवायची आपण आणि भुर्दंड माझ्या माथी. मी पतसंस्थेतून कर्ज काढून दोन लाख रुपये कामगार नुकसानभरपाई आयुक्तांकडे भरले आहेत. राहिलेल्या 1,74,364 वर महिन्याला सुमारे 1,743 रुपये व्याज चढते आहे, आणि पतसंस्थेचा हप्ता आहेच. आपल्या टेबलावरचा प्रत्येक महिना माझ्या खिशातून जातो.

एक गोष्ट लिहावी की नाही, असे मनात होते, पण ती दडपणे बरोबर नाही. आपल्यातर्फे आलेल्या एका गृहस्थांनी मला सुचवले की कामगाराकडून ‘माझ्याच चुकीने झाले, पन्नास हजारांत समाधान आहे’ असे लिहून घ्या, मग बघू. त्याच कायद्याच्या कलम 17 प्रमाणे हक्क सोडून देणारा असा कागद मुळातच रद्दबातल ठरतो. तो मुलगा सुरगाण्याचा आहे, नाशिकला भाड्याच्या खोलीत राहतो, घरी पैसे पाठवतो. उजव्या हाताने आता त्याला स्क्रू ड्रायव्हर नीट धरता येत नाही. त्याच्यापुढे मी असा कागद ठेवणार नाही, आणि आपल्या माणसांनी कोणत्याही लहान कारखानदाराला असा सल्ला देऊ नये, अशी माझी लेखी मागणी आहे.

माझे म्हणणे एवढेच आहे. नकाराचे पत्र मागे घ्यावे. 3,74,364 रुपयांपैकी उरलेले आयुक्तांकडे जमा करावेत आणि मी भरलेले दोन लाख मला परत द्यावेत. वैद्यकीय खर्च पॉलिसीतल्या मर्यादेपर्यंत मंजूर करावा. आपल्या दिरंगाईच्या काळातले व्याज पॉलिसीत बसत नसले, तरी ते आपल्या कामाच्या पद्धतीमुळे चढले आहे, म्हणून कंपनीने ते सोसावे. सर्व्हेअरच्या अहवालाची पूर्ण प्रत, फोटोंवरील तारखांसह, मला मिळावी. झिजलेली की आणि हजर असलेला ऑपरेटर, दोन्ही आपण म्हणाल त्या दिवशी समोर आणायला मी तयार आहे.

समाधानकारक उत्तर आले नाही, तर ही तक्रार मी विमा नियामक प्राधिकरणाच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवीन आणि पुढे विमा लोकपालांकडे नेईन. एकल मालकीच्या लहान उद्योगाला तो मार्ग मोकळा आहे. उत्तर लेखीच द्यावे, फोनवर नको.

आपला,
पॉलिसीधारक, प्रेस शॉप चालक
अंबड, नाशिक

सोबत : पॉलिसी व प्रस्ताव अर्जाची प्रत, नकाराचे पत्र, अपंगत्वाचा दाखला, दवाखान्याची बिले, आयुक्तांकडे रक्कम भरल्याची पावती, ऑपरेटरचे लेखी निवेदन