सिलोनचे हौशी नौसैनिक

चि. निखिल यास,

अनेक उत्तम आशीर्वाद.

कोलंबो बंदरातल्या नोकरीत रुळताच तू जुन्या ‘सिलोन नेव्हल व्हॉलंटियर फोर्स’ची, म्हणजे सिलोनच्या (आजच्या श्रीलंकेच्या) स्वयंसेवक नौदलाची, चौकशी केलीस आणि हे दल वर्षागणिक कसे वाढले ते कळवा, असे लिहिलेस. सगळी वर्षे सारख्या मोलाची नाहीत, म्हणून काहींवरून मी भरभर पुढे जातो.

१९३७ च्या कायद्याने पाया घातला आणि जानेवारी १९३८ मध्ये कमांडर डब्ल्यू. जी. बीचम यांच्या हाताखाली दल उभे राहिले. पहिली दीड-पावणेदोन वर्षे शिकण्यातच गेली. ब्रिटनने युद्ध पुकारण्याच्या तीन दिवस आधी, ३१ ऑगस्ट १९३९ रोजी, या स्वयंसेवकांना युद्धसेवेत बोलावून घेतले, आणि माझ्या मते दलाची खरी वाढ तिथून सुरू होते.

त्यांच्या वाट्याला आली ती लढाऊ जहाजे नव्हेत. ट्रॉलर (मासेमारीची जहाजे) आणि टग (मोठी जहाजे ओढणाऱ्या बोटी) यांवर तोफा बसवून त्यांना पाणसुरुंग काढण्याच्या कामाला जुंपले होते. सिलोन सरकारने यासाठी घेतलेले पहिले जहाज ‘ओव्हरडेल वाइक’. जहाजामागे लांब पोलादी दोर सोडायचा, तो ठरावीक खोलीवर आणि बाजूला ताणलेला राहील अशी तजवीज करायची, आणि सुरुंगाला तळाशी बांधणारा दोर त्यात सापडून तुटला की वर आलेला सुरुंग बंदुकीने फोडायचा किंवा बुडवायचा. कोलंबो आणि त्रिंकोमालीच्या तोंडाशी हे काम करायचे, आणि काहीच सापडले नाही तरी आज साफ केलेली वाट उद्या पुन्हा तपासायची. अशा कामाची बातमी होत नाही, पण बंदर चालू राहते ते त्यावरच. हे तुला आता मी सांगायला नको.

५ एप्रिल १९४२ रोजी, ईस्टरच्या रविवारी, जपानी विमानांनी कोलंबोवर हल्ला केला तेव्हा ‘हेक्टर’ आणि ‘टेनेडोस’ ही ब्रिटिश जहाजे बंदरातच बुडाली. ९ तारखेला त्रिंकोमालीची पाळी आली. पुढे ब्रिटिश आरमाराचा मोठा भाग आफ्रिकेच्या किनाऱ्यावर किलिंडिनीला हलला, तरी सिलोनच्या बंदरांतली ये-जा थांबणार नव्हती.

१९४३ मध्ये दल ‘सिलोन रॉयल नेव्हल व्हॉलंटियर रिझर्व्ह’ झाले. त्याच वर्षी इटलीने शस्त्रे खाली ठेवल्यावर ‘एरित्रेआ’ हे इटालियन जहाज शरण आले आणि त्याला कोलंबोत आणण्याच्या कामगिरीत या दलाचा वाटा होता. लोकांच्या लक्षात राहतो तो हाच प्रसंग.

युद्धोत्तर वर्षे मंदच गेली. पण ९ डिसेंबर १९५० रोजी रॉयल सिलोन नेव्ही स्थापन झाली, ती याच रिझर्व्हमधले सुमारे शंभर अधिकारी व खलाशी हाताशी घेऊन, आणि तिचे पहिले मोठे जहाज ‘विजया’ हेही मुळात सुरुंग काढणारेच होते. सुरुवातीच्या स्वयंसेवक अधिकाऱ्यांपैकी रॉइस डी मेल १९५५ मध्ये त्या नौदलाचे पहिले सिलोनी प्रमुख झाले.

तुझा,
बाबा