पेशंटबरोबर कोण आहे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

‘बारा नंबर, पेशंटबरोबर कोण आहे?’ गेल्या पावसाळ्यात एका सरकारी रुग्णालयात वडिलांजवळ 19 दिवस होतो, तेव्हा ही हाक कानात बसली. हाक आली की उठायचं. रक्ताची नळी लॅबमध्ये पोचवायची, एक्स-रेला स्ट्रेचर ढकलत न्यायचं, बाहेरच्या दुकानातून इंजेक्शन आणायचं, लघवीची पिशवी मापून आकडा सांगायचा. राउंड सुरू झाला की मात्र ‘नातेवाईक बाहेर!’ डॉक्टर काय म्हणाले हे ज्याने ऐकायला हवं, तोच जिन्यात उभा.

सिस्टरबद्दल माझी तक्रार नाही. रात्रपाळीला अख्ख्या वॉर्डाला दोघीच असायच्या, तरी एकीने मला स्वतःच्या डब्यातली पोळीभाजी दिली. माणसं कमी, म्हणूनच तर आमचे हात लागतात. पण ते हात ज्याचे आहेत, त्याने झोपायचं कुठे आणि अंघोळ करायची कुठे, हे कुणी ठरवलेलंच नाही.

दोन खाटांच्या मधे सतरंजी टाकायची, पहाटे फरशी पुसायला मावशी आल्या की गुंडाळायची. पुरुष एक वेळ बाहेरच्या नळावर उरकतो. शेजारच्या खाटेवर एक शाळकरी पोरगा होता. त्याच्या आईला कडी नसलेल्या बाथरूमच्या दाराशी दुसऱ्या बाईला उभं करून अंघोळ करावी लागे. कुणी मिळालं नाही, तर त्या दिवशी अंघोळ नाही. सारखं जावं लागू नये म्हणून ती पाणीही बेतानेच प्यायची. एका दुपारी तिलाच चक्कर आली. तिचा केसपेपर काढताना खिडकीवर तोच प्रश्न आला. मी पुढे झालो, दुसरं कोण होतं?

महात्मा फुले जनआरोग्य योजनेत रुग्णाच्या जेवणाचा आणि घरी परतायच्या एसटी भाड्याचाही विचार आहे. सोबतच्या माणसाचा विचार केला तो धर्मादाय मंडळींनी. टाटा रुग्णालयात येणाऱ्यांना दादरची गाडगे महाराज धर्मशाळा किंवा परळची नाना पालकर स्मृती समिती माहीत असते. तिथे पेशंटबरोबर घरच्यांनाही आसरा मिळतो. अर्थात जागा मिळाली तर. नाहीतर परळचा फुटपाथ आहेच. आणि जिल्ह्याच्या गावी असं काही कितीसं असतं?

नवी इमारत मागत नाही. प्रत्येक मजल्यावर बायकांसाठी आतून बंद होणारी एक न्हाणी, सामान ठेवायला कुलूप लागेल असा कप्पा, आणि राउंडनंतर अर्धा तास डॉक्टरांनी नातेवाइकांशी बसून बोलायची ठरलेली वेळ, एवढंच. अधिष्ठाता आणि जिल्हा शल्यचिकित्सकांनी याची सुरुवात कड्यांपासून करावी. त्या बाथरूमच्या दाराला कडीची भोकं होती, स्क्रूसुद्धा होते. कडी तेवढी नव्हती.

आपला,
एक वाचक, जि. सांगली