लिंक कुठे पडली ते बघ

प्रिय मित्रा,

दोन्ही मशीनवर शेल (कमांड चालवणारा प्रोग्राम), निओव्हिम (एडिटर) आणि गिट (फाइल्सच्या बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) यांच्या सेटिंग्ज एकसारख्या हव्यात, पण त्यासाठी नवं मोठं काही शिकायला नको, असं तू लिहिलंस. तुला ग्नू स्टो पुरेल. एका संध्याकाळी ते बसवून होईल. मात्र त्यातली एक गोष्ट नीट समजून घेतली नाहीस तर पुढे एसएसएचची खाजगी की (दुसऱ्या मशीनवर शिरायची गुप्त किल्ली) चुकून गिटमध्ये जाण्यापर्यंत वेळ येऊ शकते, म्हणून जरा सविस्तर लिहितो. कमांड इथे देवनागरीत दिल्या आहेत, टाइप करताना रोमन अक्षरं वापर.

स्टो एवढंच करतं: एका फोल्डरमधल्या फाइल्सकडे जाणाऱ्या सिम्बॉलिक लिंक (खरी फाइल कुठे आहे एवढंच सांगणाऱ्या खुणा) दुसऱ्या फोल्डरमध्ये तयार करतं, आणि सांगितलं की काढून टाकतं. फाइलच्या आत काय आहे याच्याशी त्याला देणंघेणं नाही. कुठली लिंक कधी केली याची नोंदही ते कुठे ठेवत नाही, दर वेळी डिस्कवर जे दिसेल त्यावरूनच ठरवतं. त्यामुळे काही बिनसलं तर तूही तिथेच बघायचं: ‘एलएस -एल’ मारायचं आणि बाण कुठे जातोय ते वाचायचं.

बॉब ग्लिकस्टीनने १९९३ मध्ये हे पर्लमध्ये लिहिलं ते वेगळ्याच कामासाठी. ‘/युएसआर/लोकल’मध्ये हाताने बांधून घातलेली सॉफ्टवेअर एकमेकांत मिसळू नयेत, प्रत्येकाचं झाड वेगळं राहावं आणि वापरायला मात्र सगळं एकाच जागी दिसावं, हा हेतू होता. म्हणून त्याच्या भाषेत ‘पॅकेज’ आणि ‘टार्गेट’ हे शब्द येतात. तुझ्यासाठी पॅकेज म्हणजे ‘बॅश’, ‘निओव्हिम’, ‘गिट’ अशा नावांचं एकेक फोल्डर, आणि टार्गेट म्हणजे तुझी होम डिरेक्टरी.

टिंबाने सुरू होणाऱ्या या सेटिंग फाइल्सना डॉटफाइल्स म्हणतात, त्याच नावाच्या फोल्डरमध्ये आपण त्या ठेवू. कमांडमधलं ‘~’ म्हणजे होम. सुरुवात एकाच फाइलने कर. ‘एपीटी’, ‘ब्रू’, ‘डीएनएफ’ अशा सॉफ्टवेअर बसवणाऱ्या साधनांत स्टो सगळीकडे याच नावाने मिळतं. मग:

एमकेडीआयआर -पी ~/डॉटफाइल्स/बॅश
सीडी ~/डॉटफाइल्स
गिट इनिट
एमव्ही ~/.बॅशआरसी बॅश/
स्टो -एनव्ही बॅश
स्टो बॅश

पॅकेजच्या आतली रचना होममध्ये जशी हवी अगदी तशीच ठेवायची. निओव्हिमची फाइल होममध्ये ‘.कॉन्फिग/एनव्हिम/इनिट.लुआ’ इथे लागते, तर डॉटफाइल्समध्ये ती ‘निओव्हिम/.कॉन्फिग/एनव्हिम/इनिट.लुआ’ इथे असली पाहिजे. पॅकेजचं नाव काहीही चालतं, त्याच्या खालचा मार्ग मात्र तंतोतंत हवा. साध्या ‘एलएस’ला पॅकेज रिकामं दिसेल, कारण आतली नावं टिंबाने सुरू होतात. ‘एलएस -ए’ वापर, त्यातला ए मोठा.

‘-एन’ म्हणजे नुसती तालीम, प्रत्यक्षात काही करू नको. पण तो एकटा दिलास तर ‘हे सिम्युलेशन आहे’ एवढाच इशारा छापून येतो. कुठली लिंक कुठे पडणार हे कळण्यासाठी सोबत ‘-व्ही’ लागतो. ‘लिंक’ शब्दाने सुरू होणारी प्रत्येक ओळ वाच. सवय लावायची तर हीच लाव.

टार्गेट सांगितलं नाही तर ज्या फोल्डरातून स्टो चालवलंस त्याच्या एक पायरी वरचं फोल्डर धरलं जातं. डॉटफाइल्स थेट होममध्ये असेल तर ते आपोआप जुळतं. ‘~/कोड/डॉटफाइल्स’ अशा ठिकाणी ठेवलंस तर सगळ्या लिंक ‘~/कोड’मध्ये जाऊन पडतील आणि शेलवर काहीच परिणाम दिसणार नाही. तेव्हा ‘-टी ~’ दे, मध्ये जागा सोडून. ‘--टार्गेट=~’ असं चिकटवून लिहिलं तर बॅश त्या लाटेच्या चिन्हाचा होममध्ये विस्तार करत नाही आणि स्टो अशी डिरेक्टरी नाही म्हणून थांबतं. दर वेळी लिहायचा कंटाळा आला तर डॉटफाइल्समध्ये ‘.स्टोआरसी’ नावाची फाइल करून त्यात हे पर्याय एका ओळीत एक असे टाक. तिथे लाटेच्या चिन्हाचा विस्तार स्टो स्वतः करतं.

आता ती गोष्ट. स्टो शक्य तितक्या कमी लिंक करतं. पॅकेजमध्ये ‘.कॉन्फिग’ आहे आणि होममध्ये अजून ‘.कॉन्फिग’ नाही, असं दिसलं तर ते आतल्या फाइलपर्यंत जात नाही, अख्ख्या ‘.कॉन्फिग’चीच एक लिंक करतं. याला फोल्डिंग, म्हणजे दुमडणं, म्हणतात. जुन्या मशीनवर हे लक्षात येत नाही, कारण तिथे ‘.कॉन्फिग’ आधीपासून असतं. कोऱ्या मशीनवर मात्र ‘~/.कॉन्फिग’ म्हणजेच निओव्हिमच्या पॅकेजचं पोट होऊन बसतं. त्यानंतर तू उघडलेला प्रत्येक प्रोग्राम आपली सेटिंग त्या पोटात टाकतो आणि ‘गिट स्टेटस’ अनोळखी फाइल्सनी भरून जातं. दुसऱ्या पॅकेजलाही ‘.कॉन्फिग’ लागलं की स्टो ती मोठी लिंक काढतं, खरं फोल्डर बनवतं आणि आतल्या गोष्टींच्या वेगवेगळ्या लिंक घालतं. हे ते न सांगता आणि बरोबर करतं, पण मधल्या काळात आत पडलेला कचरा निओव्हिमच्याच खात्यावर राहतो.

‘.एसएसएच’च्या बाबतीत हेच धोक्याचं ठरतं. होममध्ये ते फोल्डर नसताना एसएसएचचं पॅकेज लावलंस तर अख्खं ‘~/.एसएसएच’ डॉटफाइल्सकडे वळतं. मग ‘एसएसएच-कीजेन’ चालवलंस की नवी खाजगी की थेट तुझ्या गिटच्या झाडात तयार होते. पुढचा ‘गिट ॲड .’ ती उचलतो. एकदा पुश झाली की नंतरच्या कमिटमध्ये फाइल उडवून उपयोग नसतो, ती इतिहासात राहतेच. ती की बाद करून नवी काढणं एवढाच खात्रीचा मार्ग उरतो.

यावर दोन उपाय आहेत. एक, स्टो चालवण्याआधी खरी फोल्डरं हाताने बनवून ठेवणं:

एमकेडीआयआर -पी ~/.कॉन्फिग ~/.लोकल/बिन ~/.एसएसएच
सीएचमॉड ७०० ~/.एसएसएच

दुसरा, ‘--नो-फोल्डिंग’ हा पर्याय. त्याने फोल्डरं नेहमी खरी बनतात आणि लिंक फक्त फाइल्सच्या होतात. सगळीकडे हाच लावून टाकावा असं वाटेल, पण मला ते पटत नाही. निओव्हिमचं फोल्डर दुमडलेलं असेल तर तू तिथे नवी लुआ फाइल केलीस की ती आपोआप डॉटफाइल्समध्ये असते. दुमडलेलं नसेल तर ती होममध्येच राहते, आणि आठवणीने हलवून पुन्हा स्टो चालवावं लागतं. म्हणून ‘.कॉन्फिग’ खरं, त्याखालचं ‘एनव्हिम’ दुमडलेलं आणि ‘.एसएसएच’ कायम खरं, ही मांडणी मला सर्वांत बरी वाटते. पहिल्या उपायाने नेमकं हेच साधतं.

फोल्डरच्या लिंकचा आणखी एक फायदा आहे. पुष्कळ प्रोग्राम सेटिंग जतन करताना जुन्या फाइलवर लिहीत नाहीत. ते शेजारी तात्पुरती फाइल लिहितात आणि तिला जुन्या नावावर आणून बसवतात. जुनं नाव म्हणजे लिंक असेल तर लिंकच जाते आणि तिच्या जागी साधी फाइल येते. ग्नूचं ‘सेड -आय’ही हेच करतं, त्याला ‘--फॉलो-सिमलिंक्स’ सांगावं लागतं. लक्षण ओळखू येण्यासारखं आहे: सेटिंग बदलली, ती लागूही झाली, पण ‘गिट डिफ’ कोरा. अशा वेळी ‘एलएस -एल’मध्ये बाण गायब झालेला दिसेल. लिंक फोल्डरची असेल तर ही अदलाबदल डॉटफाइल्सच्या आतच होते आणि काही बिघडत नाही.

स्टो पुन्हा चालवलंस की अशा जागी ते अडेल आणि तिथली फाइल लिंकही नाही, डिरेक्टरीही नाही, अशी तक्रार करेल. नव्या लिनक्स खात्यावर तर ‘.बॅशआरसी’ साठी हे हमखास होतं, कारण अनेक वितरणं ती फाइल प्रत्येक नव्या खात्यात आपणहून टाकतात. घाबरू नकोस. स्टो आधी सगळं तपासतं, एकही अडचण सापडली तर काहीच करत नाही, त्यामुळे अर्धवट काम मागे राहत नाही.

या अडचणीवर ‘--अडॉप्ट’ आहे, आणि तो जपून वापरायचा, कारण पॅकेजमधल्या फाइल्सना हात लावणारा हाच पर्याय. होममधली फाइल उचलून ते पॅकेजमधल्या फाइलच्या जागी ठेवतं आणि मग लिंक करतं. पॅकेजमधला जुना मजकूर त्यात पुसला जातो. म्हणून क्रम असा ठेव: आधी सगळं कमिट, मग ‘स्टो --अडॉप्ट बॅश’, मग ‘गिट डिफ’. होममधले बदल हवे असतील तर कमिट कर. नको असतील तर ‘गिट रिस्टोअर .’ कर, म्हणजे तुझी जुनी फाइल परत येते आणि लिंक तशीच राहते. कमिट न करता अडॉप्ट केलंस तर परत येण्याची वाट नाही.

एखादी फाइल पॅकेजमध्ये आहे, तक्रार नाही आणि तरी लिंक होत नाही, असं दिसलं तर दुर्लक्षाच्या यादीकडे बघ. ‘.गिट’, ‘.गिटइग्नोर’, पॅकेजच्या मुळाशी असलेल्या ‘रीडमी’ आणि ‘लायसन्स’ अशा नावांच्या फाइल्स स्टो स्वतःहून वगळतं. होममध्ये सगळ्या प्रोजेक्टसाठी एक ‘.गिटइग्नोर’ ठेवण्याचा बेत असेल तर तो इथे फसतो. ती यादी ‘.कॉन्फिग/गिट/इग्नोर’मध्ये ठेव, गिट ती न सांगता वाचतं. स्वतःची यादी हवी असेल तर पॅकेजमध्ये ‘.स्टो-लोकल-इग्नोर’ लिही. पण ती लिहिलीस की मूळची यादी त्या पॅकेजपुरती रद्द होते, त्यामुळे लागतील त्या ओळी तुलाच पुन्हा घालाव्या लागतील. ओळी पर्लच्या रेग्युलर एक्स्प्रेशन (नावं जुळवण्याचे नमुने) असतात, टिंबाआधी उलटी तिरकी रेघ विसरू नकोस.

‘--डॉटफाइल्स’ नावाचाही पर्याय आहे. त्यात फाइलचं नाव ‘डॉट-बॅशआरसी’ ठेवलं की होममध्ये ‘.बॅशआरसी’ होते. २०२४ मध्ये आलेल्या २.४.० च्या आधी तो फोल्डरांच्या बाबतीत बिघडलेला होता, आणि जुनी आवृत्ती अजून पुष्कळ मशीनवर असते. मी तुला तो सुचवणार नाही.

दोन मशीनमधला फरक स्टो सांभाळत नाही, आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही करू नकोस. तो प्रत्येक प्रोग्रामच्या स्वतःच्या सोयीने सांभाळ. गिटच्या कॉन्फिगमध्ये ‘इन्क्लूड’खाली ‘~/.गिटकॉन्फिग.लोकल’ हा मार्ग दे आणि तो शेवटी ठेव, कारण गिटमध्ये नंतर आलेली किंमत जिंकते. ती फाइल नसली तरी गिट कुरकुरत नाही. एसएसएचमध्ये बरोबर उलटं आहे: पहिली सापडलेली किंमत जिंकते, म्हणून ‘इन्क्लूड’ची ओळ सगळ्यात वर, कुठल्याही ‘होस्ट’च्या आधी. ओपनएसएसएच ७.३ पासून, म्हणजे २०१६ पासून, ती चालते. ऑफिसचा ईमेल, टोकन, प्रॉक्सी असलं सगळं या लोकल फाइल्समध्ये ठेव आणि त्या डॉटफाइल्समध्ये कधीच आणू नकोस. आणि गिट फाइलच्या परवानग्यांपैकी फक्त ‘चालवता येते की नाही’ एवढंच लक्षात ठेवतं, ६०० वगैरे नाही. क्लोन केल्यावर एसएसएचची कॉन्फिग फाइल गटाला लिहिता येण्यासारखी झाली तर एसएसएच ती नाकारू शकतं, तेव्हा तिला ‘सीएचमॉड ६००’ कर.

डॉटफाइल्सची जागा पुढे बदलायची झाली तर हलवण्याआधी ‘स्टो -डी */’ (त्यातला डी मोठा) करून लिंक काढ. लिंक सापेक्ष असतात, आधी हलवलंस तर सगळ्या तुटतील आणि त्या आपल्याच आहेत हे स्टोला ओळखता येणार नाही. पॅकेजमधून फाइल काढली किंवा नाव बदललं की ‘स्टो -आर निओव्हिम’ (आर मोठा) कर, उरलेल्या मेलेल्या लिंक त्यात साफ होतात. आणि ‘*’ऐवजी नेहमी ‘*/’ लिही, नाहीतर मुळाशी ठेवलेली ‘रीडमी’ फाइलसुद्धा पॅकेज समजून स्टो अडून बसेल.

दुसऱ्या मशीनवर जाशील तेव्हा क्रम असा: गिट आणि स्टो घाल, क्लोन कर, वरची तीन फोल्डरं बनव, मग ‘स्टो -एनव्ही */’. ती तालीम काय छापते ते मला जसंच्या तसं पाठव. ‘.कॉन्फिग’ किंवा ‘.एसएसएच’ यांच्यापुढे काही न येता थेट बाण आलेला दिसला, तर माझ्या उत्तराची वाट बघ आणि तोवर पुढची कमांड चालवू नकोस.

तुझा,
मित्र